दोनशे क्रोनरच्या नोटेवरचा माणूस

नोकरीच्या काळात माझ्या हातांखालून किती नोटा गेल्या याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. नोटा मोजणाऱ्याला नोटेवरचा चेहरा दिसत नसतो. बोटांना कागद कळतो, डोळ्यांना आकडा कळतो आणि मनात बंडलांची संख्या चालू असते. तरीही 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, फॉरेन एक्स्चेंजच्या काउंटरवर बसत असताना, एक नोट मी चांगली पाच मिनिटे उलटीसुलटी करून पाहिली. रत्नागिरीकडचा एक खलाशी जहाजावरून उतरून थेट आमच्याकडे आला होता. डॉलर, पौंड, मार्क हे आमचे रोजचे पाहुणे. पण याच्या पाकिटातून निघाल्या नॉर्वेच्या दोनशे क्रोनरच्या तीन नोटा. त्यांचा भाव काढायला मला हेड ऑफिसला फोन लावावा लागला, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत त्या नोटा माझ्यासमोर पडून राहिल्या.

नोटेवर चष्मा घातलेला, टक्कल पडलेला, मिशा राखलेला एक गृहस्थ होता. राजा वाटत नव्हता, सेनापती तर नाहीच. एखाद्या शाळेचे गणिताचे मास्तर शोभले असते. त्यांच्या बाजूला कसले तरी यंत्र आणि मागे हवेत लहरणारे पडद्यासारखे पट्टे. पाठीमागच्या बाजूला उत्तर ध्रुवप्रदेशाचा नकाशा. खलाशाला विचारले, तर त्याला नाव ठाऊक नव्हते. पण पट्टे त्याने ओळखले. उत्तरेकडे हिवाळ्यात आभाळात असा उजेड नाचतो, आपण डेकवरून पाहिलाय, असे त्याने सांगितले आणि पैसे घेऊन तो निघून गेला.

त्या गृहस्थांचे नाव क्रिस्तियान बिर्केलंड. जन्म 13 डिसेंबर 1867, गाव क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो. मृत्यू 15 जून 1917, तोकियोतल्या एका हॉटेलच्या खोलीत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या माणसाच्या मागे लागलो. कादंबरी लिहावी असे मनात होते. ती काही झाली नाही, कारण माझ्या कल्पनेला वाव मिळावा इतकी जागा या आयुष्याने शिल्लकच ठेवलेली नाही.

मुलगा हुशार, गणितात तर फारच. अठराव्या वर्षी त्याने पहिला शोधनिबंध लिहिला. पुढे पॅरिसला आंरी प्वांकारे, बॉनला हाइनरिश हर्ट्झ अशा थोरांच्या हाताखाली तो शिकला. 1895 मध्ये विद्युत्चुंबकत्वाची मॅक्सवेलची समीकरणे सोडवण्याची एक सर्वसाधारण रीत त्याने मांडली. 1898 मध्ये, तिशीतच, तो क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. इथवरची कथा कुठल्याही गुणी मुलाची असते तशी आहे, म्हणून मी ती भराभर सांगून टाकली. त्याचे खरे आयुष्य सुरू होते ते आभाळातल्या त्या उजेडापासून.

हा उजेड कसला, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हते. एक गोष्ट मात्र दीडशे वर्षांपासून माहीत होती. 1741 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे सेल्सियस (तापमापकाचा तोच) आणि त्याचा मदतनीस ह्योर्टर यांच्या लक्षात आले होते, की आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचू लागला की टेबलावरच्या होकायंत्राची सुईही थरथरते. उजेड शंभर किलोमीटर वर आणि सुई खाली काचेच्या डबीत. दोघांना जोडणारा धागा कोणता?

बिर्केलंडने 1896 मध्ये उत्तर सुचवले. त्या काळी प्रयोगशाळांतून कॅथोड किरणांचे खेळ चालत. हवा काढून घेतलेल्या नळीत वीज सोडली की हे किरण निघत, आणि चुंबक जवळ आणला की वाकत. बिर्केलंड म्हणाला, सूर्यावरूनही असेच किरण निघत असतील, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ओढून ध्रुवांकडे नेत असेल आणि तिथली विरळ हवा त्यांच्या माऱ्याने पेटत असेल. इलेक्ट्रॉनची ओळख जगाला अजून पटलेली नव्हती. ती पुढच्या वर्षी, 1897 मध्ये पटायची होती. शिवाय इंग्लंडमधले लॉर्ड केल्विन यांनी 1892 मध्येच निकाल देऊन टाकला होता. पृथ्वीवरच्या एका मध्यम चुंबकीय वादळासाठी सूर्याला आठ तासांत जेवढे काम करावे लागेल, तेवढ्या कामात तो चार महिने उष्णता आणि प्रकाश देतो. तेव्हा सूर्याचा या वादळांशी संबंध नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, गृहीतक चुकले होते. सूर्य ही ऊर्जा दिव्यासारखी सगळीकडे उधळतो असे त्यांनी धरले होते. बँकेत आम्ही असे ताळेबंद पुष्कळ पाहिलेत. बेरीज बिनचूक, आणि पहिली नोंदच खोटी.

घरात बसून वाद घालण्याचा बिर्केलंडचा स्वभाव नव्हता. तो उत्तरेला, फिनमार्कच्या बर्फात गेला. पहिल्याच एका मोहिमेत हिमवादळाने गाठले. बरोबर ब्यॉर्न हेलान-हान्सेन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता, त्याच्या हातांना हिमदंश झाला आणि काही बोटे कापावी लागली. शस्त्र धरणार कसे? त्या मुलाने वैद्यकी सोडली आणि पुढे समुद्रविज्ञानात मोठे नाव मिळवले. म्हणजे त्याचे वाईट झाले नाही असे म्हणता येईल. पण त्या रात्री ते कुणाला माहीत होते? 1899 मध्ये बिर्केलंडने आल्टा गावाजवळच्या हाल्डे डोंगरावर, समुद्रसपाटीपासून 904 मीटरवर, दगडी वेधशाळा बांधून घेतली. ध्रुवीय प्रकाशासाठी बांधलेली ही जगातली पहिली कायम वेधशाळा. त्या डोंगरावर वारा असा, की बाहेर पडायचे तर रांगावे लागे. समोरच्या शिखरावर दुसरे ठाणे होते. दोन्हीकडून एकाच वेळी उजेडाचा कोन मोजायचा आणि त्यावरून त्याची उंची काढायची, असा बेत. उजेड निघाला शंभर किलोमीटर आणि त्याहूनही वर. दोन शिखरांतले जेमतेम तीन-चार किलोमीटरांचे अंतर त्या मोजणीला पुरले नाही. त्याच मुक्कामात एक तरुण सहकारी बर्फाचा कडा कोसळून गेला. बिर्केलंडच्या चरित्रात अशा गोष्टी वारंवार येतात आणि त्या वाचताना मला या माणसाचा रागही येतो. वेड स्वतःचे असावे, त्याचा हप्ता दुसऱ्याच्या मुलाने का भरावा?

1902-03 च्या हिवाळ्यात त्याने चार ठाणी उभारली. एक नॉर्वेत, एक आइसलंडमध्ये, एक स्पिट्सबर्गनला आणि एक रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर. चारही ठिकाणी एकाच वेळी चुंबकसुईच्या हालचाली फोटोच्या कागदावर टिपायच्या. शिवाय जगभरच्या वेधशाळांना पत्रे लिहून त्याच दिवसांच्या, त्याच तासांच्या नोंदी त्याने मागवल्या. हे सगळे जुळवत बसल्यावर त्याला जे दिसले, तेच त्याचे खरे देणे. ध्रुवप्रदेशावर, उजेडाच्या पट्ट्याच्या बरोबर खाली, सुया ज्या तऱ्हेने फिरत होत्या, त्यावरून तिथे आकाशात प्रचंड वीज आडवी वाहत असली पाहिजे असे निघत होते. दहा लाख अँपिअर. आपल्या घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. ही वीज कुठून येते? बिर्केलंडने 1908 मध्ये छापलेल्या ग्रंथात चित्र काढूनच दाखवले. बाहेरच्या अवकाशातून, पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या वाटेने, ती उभी खाली उतरते, काही अंतर आडवी वाहते आणि पुन्हा उभी वर निघून जाते.

आपल्याकडचा धागा इथे सांगितला पाहिजे. कुलाब्याच्या वेधशाळेत, मुंबईत, 1840 च्या दशकापासून चुंबकसुईच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. 2 सप्टेंबर 1859 रोजी, ज्ञात इतिहासातले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले तेव्हा, कुलाब्याच्या सुईने सुमारे 1,600 नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. उष्ण कटिबंधातली त्या वादळाची ही नोंद इतकी मोलाची, की 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद ठरवली ती हिच्याच आधारे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून संचालक मूस यांनी ही वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला नेली. ट्रामच्या विजेने सुई बहकली असती. अलिबागला समुद्रावर जाताना ती वास्तू लागते. आपण भेळ खायला पुढे जातो, आणि आत शंभराहून अधिक वर्षे सुई सूर्याची नाडी पाहत बसलेली असते.

आता तोफेची गोष्ट. ही मी सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही.

मोहिमांना पैसा लागतो. नॉर्वे तेव्हा गरीब होता, स्वीडनच्या राजाखाली होता. सरकारने दिले ते पुरेना. बिर्केलंडच्या डोक्यात आले, की वेटोळ्यांतून वीज सोडून चुंबकाच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ करावी. दारू नाही, धूर नाही, आवाज नाही. त्याने पेटंट घेतले, कंपनी काढली, शेअर विकले. पुढे पंतप्रधान झालेले गुन्नार क्नुडसेनही त्यात भागीदार होते. 1903 मध्ये विद्यापीठाच्या भव्य सभागृहात जाहीर प्रात्यक्षिक ठेवले. पुढच्या रांगांत प्रतिष्ठित मंडळी, लष्करी अधिकारी, गिऱ्हाईक म्हणून आलेले परदेशी पाहुणे. घाबरण्याचे कारण नाही, कळ दाबल्यावर गोळा लाकडी फळीवर आदळल्याखेरीज काही ऐकू येणार नाही, असे आश्वासन प्राध्यापकांनी दिले आणि कळ दाबली.

कानठळ्या बसवणारा कडकडाट झाला. तोफेच्या तोंडातून डोळे दिपवणारी ज्वाळा बाहेर आली. शॉर्ट सर्किट! बायका किंचाळल्या, लोक दाराकडे धावले. गोळा म्हणे बरोबर निशाण्यावर लागला होता, पण ते पाहायला कोण थांबतो? कंपनीच्या शेअरची किंमत त्या एका बारात शून्यावर आली. बिर्केलंड स्वतः पुढे ही हकीकत रंगवून सांगत असे, आणि आपल्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय क्षण हाच, असे म्हणत असे. भागधारक हसले असतील असे मला वाटत नाही. मी शाखाधिकारी असतो तर या माणसाला कर्ज दिले असते का, असे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. तारण नाही, जामीनदार नाही, परतफेडीची कल्पना नाही. उत्तर स्वच्छ आहे, दिले नसते.

आणि मी चुकलो असतो. कारण त्याच सुमारास क्नुडसेन यांच्या घरच्या जेवणावळीत बिर्केलंडच्या शेजारी सॅम आइडे नावाचा एक इंजिनिअर बसला होता. आइडेकडे धबधब्यांचे हक्क होते, म्हणजे स्वस्त वीज, आणि त्याला त्या विजेपासून काही विकाऊ करायचे होते. त्या काळात युरोपला एक धास्ती होती. शेतीला लागणारे नत्र यायचे चिलीतल्या खनिज सोऱ्यातून, आणि तो साठा संपणार होता. विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने 1898 मध्येच इशारा दिला होता, की हवेतले नत्र पकडायला शिकला नाहीत तर गव्हाला मुकाल. आपल्याकडच्या शेतकऱ्याला युरियाच्या गोणीचे मोल सांगावे लागत नाही, तेव्हा ही धास्ती समजेल. हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी सहजी जुळत नाही. त्याला जुळवायला वीज कोसळावी लागते, तशी आकाशात कोसळते तेव्हा थोडासा जुळतोही. आइडेला हवी होती पृथ्वीवरची सर्वांत मोठी, न थांबणारी वीज. बिर्केलंडने ती नुकतीच सभागृहात पाडली होती!

तोफ फसली त्यातून भट्टी निघाली. विजेची ज्योत चुंबकाच्या जोराने पसरवून बिर्केलंडने तिची तबकडी केली, सूर्यासारखी गोल आणि तीन हजार अंशांहून तप्त. तिच्यातून हवा फुंकायची, नायट्रोजनचा वायू तयार करायचा, त्याचे आम्ल करायचे, चुनखडीवर सोडायचे, की खत तयार. 2 डिसेंबर 1905 रोजी नॉर्स्क हीद्रो ही कंपनी स्थापन झाली. भांडवल स्वीडनच्या वॉलेनबर्ग घराण्याचे आणि फ्रेंच बँकांचे. नॉर्वे स्वतंत्र झाला तेही त्याच वर्षी. नोटोडेनला आणि पुढे रिउकानला कारखाने उभे राहिले, गावे वसली. ती स्थळे 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ही रीत वीज फार खायची, त्यामुळे पुढे जर्मनांच्या हाबर-बॉश पद्धतीने तिला मागे टाकले, पण नॉर्वेचा औद्योगिक पाया तिनेच घातला.

बिर्केलंडला काय मिळाले? पैसा मिळाला, आणि तो सगळा त्याने पुन्हा आभाळात घातला. कंपनीच्या कारभारातून मात्र आइडेने त्याला हळूहळू बाजूला काढले. बिर्केलंडचे नाव नोबेलसाठी सात वेळा सुचवले गेले. एकदाही मिळाले नाही. त्या सन्मानात आपलाही वाटा हवा म्हणून आइडेने खटपट केली आणि त्यात प्रकरण बिघडले, असे चरित्रकार सांगतात. आइडेला खलनायक करणे सोपे आहे. पण त्याच्यावाचून ती भट्टी प्रयोगशाळेच्या टेबलावरच विझली असती, हेही तितकेच खरे. बँकेत मी अशा जोड्या पाहिल्या आहेत, एकाला माल करता येतो, दुसऱ्याला विकता येतो, आणि फोटो काढायची वेळ आली की दोघांनाही मधोमध उभे राहायचे असते.

1905 च्या मे महिन्यात बिर्केलंडने इडा हॅमर या शिक्षिकेशी लग्न केले. मूलबाळ झाले नाही. हा रात्रंदिवस प्रयोगशाळेत. 1911 मध्ये दोघे वेगळे झाले. इडाबाईंची बाजू कुणी फारशी लिहून ठेवलेली नाही. आभाळाकडे बघणाऱ्या माणसाच्या घरात जेवणाचे ताट किती वेळा निवले असेल, हे मला त्या गाळलेल्या जागेत दिसते.

प्रयोगशाळेत चालले होते ते मात्र अद्भुत. नोटेवरचे यंत्र ते हेच. बिर्केलंडने एका काचेच्या पेटीत पृथ्वी टांगली होती. धातूचा पोकळ गोळा, आत विद्युत्चुंबक, बाहेरून चमकणाऱ्या रसायनाचा लेप. याला तो तेरेला, म्हणजे छोटी पृथ्वी म्हणे. पेटीतली हवा काढायची आणि एका बाजूने कॅथोड किरण सोडायचे, हा झाला सूर्य. दिवे मालवले की गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती जांभळट उजेडाची कडी उमटत. ध्रुवावर नाही, ध्रुवाभोवती कडे. अगदी आभाळात असते तसे. पेट्या मोठ्या होत गेल्या. शेवटची हजार लिटरची होती. चुंबकाचा जोर कमी-जास्त करून त्याने शनीची कडी, धूमकेतूचे शेपूट, सूर्यावरचे डाग, सगळे त्या पेटीत करून पाहिले. कार्ल स्टॉर्मर हा त्याचा गणिती मित्र ते पाहून असा भारावला, की चुंबकाच्या जाळ्यात सापडलेला एकेक कण कसा फिरेल याचे गणित हाताने करण्यात त्याने हजारो तास घातले. कॅल्क्युलेटर नव्हता, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे.

तरी इंग्रज मंडळी मानेनात. आर्थर शुस्टर यांनी 1911 मध्ये आक्षेप घेतला, की ऋण भाराचे कण एकमेकांना ढकलतात. सूर्यापासून इथवर येईतो त्यांचा झोत फाटून जाईल. आक्षेप रास्त होता. बिर्केलंडने आपली मांडणी सुधारली. 1916 पर्यंत तो सांगू लागला, की सूर्यावरून फक्त ऋण किंवा फक्त धन नव्हे, तर दोन्ही प्रकारचे कण येत असणार. आज ज्याला आपण सौरवारा म्हणतो त्याचीच ही कुंडली होती. ती कुणी वाचली नाही. युरोप महायुद्धात होता.

आणि बिर्केलंड इजिप्तमध्ये होता. पहाटे क्षितिजावर दिसणाऱ्या राशिचक्रीय प्रकाशाचा अभ्यास करण्यासाठी तो कैरोजवळच्या हेलवानला जाऊन राहिला. झोप त्याला कित्येक वर्षांपासून येत नव्हती. व्हेरोनल नावाचे झोपेचे औषध आणि व्हिस्की या दोन्हींवर रात्री निघत. वाळवंटात, एकटेपणात, त्याच्या मनाने घेतले, की ब्रिटिश हेर आपल्या पाळतीवर आहेत. तोफेची माहिती त्यांना हवी आहे. युद्धाच्या दिवसांत ब्रिटिशांच्या ताब्यातल्या इजिप्तमध्ये एका परदेशी शास्त्रज्ञाकडे कुणी संशयाने पाहिलेच नसेल असे नाही. पण भीतीने मापच सोडले होते. भूमध्य समुद्रातून घरी जाणे धोक्याचे, म्हणून 1917 मध्ये तो उलट दिशेने, पूर्वेकडून निघाला. तोकियोला त्याचा एक मित्र होता, तेरादा तोराहिको, भौतिकशास्त्रज्ञ आणि जपानी भाषेतला नामवंत ललित निबंधकार. काही वर्षांपूर्वी तो क्रिस्तियानियाला येऊन बिर्केलंडची प्रयोगशाळा पाहून गेला होता.

तेरादांनी 1935 मध्ये प्राध्यापक बी अशा नुसत्या अद्याक्षराने या भेटीची आठवण लिहिली. हॉटेलात भेटायला गेल्यावर या थकलेल्या पाहुण्याने आपल्या पाठलागाची कहाणी सांगितली. तेरादांनी ऐकून घेतली. काय करणार? तोकियोतल्या सेइयोकेन हॉटेलात 15 जूनच्या रात्री बिर्केलंडने व्हेरोनलची मात्रा घेतली. डॉक्टरी मात्रा अर्धा ग्रॅम असते, पोटात दहा ग्रॅम गेले होते. मुद्दाम की चुकून, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वर्षानुवर्षे न झोपलेला माणूस झोपला, इतकेच मी म्हणेन.

त्यानंतर पन्नास वर्षे त्याचे नाव अडगळीत पडले. सिडनी चॅपमन या इंग्रज गणितज्ञाचा शब्द या क्षेत्रात अखेरचा मानला जाई, आणि चॅपमन यांच्या मते ती वीज वरच्या हवेतच गोल गोल फिरत होती. बाहेरून काही खाली उतरत नव्हते. जमिनीवरच्या सुईला या दोहोंतला फरक कळत नाही, त्यामुळे वाद मिटेना. स्वीडनचे हानेस आल्फवेन, ज्यांना 1970 मध्ये नोबेल मिळाले, ते एकटे बिर्केलंडची बाजू लावून धरत राहिले. मग आकाशात याने गेली. 1959 मध्ये रशियाच्या ल्यूनाने आणि 1962 मध्ये अमेरिकेच्या मरिनर-2 ने सौरवारा मोजला. 1963 मध्ये सोडलेल्या अमेरिकन नौदलाच्या एका उपग्रहावरची चुंबकसुई, सुमारे अकराशे किलोमीटर उंचीवर, ध्रुवीय पट्ट्यावरून जाताना दर वेळी आडवी हलू लागली. आधी कुणाला अर्थ लागेना. 1967 मध्ये लागला. उपग्रह उभ्या विजेच्या पडद्यांतून जात होता, बिर्केलंडने 1908 मध्ये काढलेल्या चित्रातून. तेव्हापासून त्या प्रवाहांना बिर्केलंड प्रवाह म्हणतात.

त्या प्रवाहांमागची खरी प्रेरणा आज आपल्याला सांगता येते. सौरवारा सेकंदाला चारशे किलोमीटरच्या वेगाने येतो आणि सूर्याचे चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरला की वीज होते. तसेच हा वाहता वारा पृथ्वीच्या दृष्टीने एक विद्युत्क्षेत्रच असतो. अगदी क्षीण, मीटरमागे व्होल्टचा काही हजारांश भाग. पण पृथ्वीचे चुंबकावरण लाखो किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे बेरीज मोठी होते. वाऱ्यातले चुंबकत्व दक्षिणेकडे वळलेले असले की ते पृथ्वीच्या चुंबकरेषांशी जोडले जाते आणि त्या रेषांवरून हा दाब खाली आयनांबरापर्यंत पोचतो. ध्रुवाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शांत दिवशी तीसेक हजार व्होल्ट, वादळात एक-दोन लाख. पहाटेच्या बाजूने वीज उतरते, सायंकाळच्या बाजूने वर जाते. तिच्या धक्क्याने आयनांबर तापते, ढवळते, आणि तो ताण क्षणार्धात विषुववृत्तापर्यंत, म्हणजे आपल्या डोक्यावरही येतो. 13 मार्च 1989 रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. मंगळाला पृथ्वीसारखे चुंबकीय कवच नाही. तिथे हे विद्युत्क्षेत्र थेट वरच्या हवेतल्या आयनांना उचलून अवकाशात फेकते. 2014 मध्ये तिथे पोचलेल्या मेव्हन यानाने मोजले, तेव्हा सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम हवा जाताना आढळली. मूठभर हवा, पण अब्जावधी वर्षे. आपले आदित्य-एल1 यान 6 जानेवारी 2024 रोजी आपल्या ठिकाणी पोचले, ते हाच वारा आपल्यापर्यंत येण्याआधी मोजण्यासाठी. त्याच वर्षी 10 मेच्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात उत्तरेकडे तांबूस उजेड दिसला. फोटो पाहिल्यावर मला तो रत्नागिरीकडचा खलाशी आठवला.

नोटेचे काय झाले, ते बँकवाल्याने सांगायलाच हवे. नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेने 2017 मध्ये दोनशे क्रोनरची नवी नोट काढली आणि बिर्केलंडची नोट मे 2018 अखेर चलनातून बाद झाली. नव्या नोटेवर माणूस नाही, कॉड मासा आहे. पैशाच्या ओढाताणीत बिर्केलंडने एकोणसाठ पेटंटे घेतली होती, आणि कॉडच्या अंड्यांपासून कॅव्हिअर करण्याचाही उद्योग करून पाहिला होता. तोही चालला नव्हता.